खाणीत लोखंडाचे डोंगर, तिजोरीत खडखडाट : पगारासाठी हिरा गहाण ठेवणारे सर दोराबजी टाटा

विशेष लेख

१९२४ साल. मुंबईत टाटांच्या कचेरीत जमशेदपूरहून तार आली. कारखान्यातल्या माणसांचा पगार करायला पैसे नाहीत, असा निरोप होता. कंपनीकडे लोखंडाच्या खाणी होत्या, कोळशाच्या खाणी होत्या, धगधगत्या भट्ट्या होत्या, कोट्यवधींची यंत्रं होती. फक्त हातात रोकड नव्हती.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दहा एकर जमीन नावावर असते, कापूस झाडावर फुटलेला असतो, पण वेचणीच्या बाया संध्याकाळी मजुरी मागायला उभ्या राहिल्या की खिसा चाचपावा लागतो. सातबारा दाखवून मजुरी देता येत नाही. टाटांच्या लोखंड कंपनीचं नेमकं हेच झालं होतं, फक्त आकडा फार मोठा होता. त्या वेळी कंपनीचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे थोरले चिरंजीव. त्यांनी तेव्हा काय केलं, ते पाहण्याआधी हा माणूस तिथपर्यंत कसा पोहोचला ते पाहू. कारण या गोष्टीची सुरुवात आपल्याच भागातून होते.

नागपूरच्या गिरणीत उमेदवारी

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईचा. शिक्षण आधी मुंबईत, मग इंग्लंडमध्ये. केंब्रिजला दोन वर्षं काढली. तिथे अभ्यासाइतकंच क्रिकेट आणि फुटबॉल गाजवलं. १८७९ मध्ये परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ मध्ये पदवी घेतली. वडील एवढे मोठे गिरणीमालक, पण पोराला एकदम गादीवर बसवलं नाही. दोराबजींनी आधी दोन वर्षं 'बॉम्बे गॅझेट' या वर्तमानपत्रात बातमीदारी केली. १८८४ मध्ये वडिलांच्या धंद्यात आले, ते कापसाच्या खात्यात. पुढे जमशेटजींनी त्यांना नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये कापसाचा धंदा शिकायला पाठवलं. १८७७ मध्ये सुरू झालेली ही मिल टाटांच्या पुढच्या सगळ्या उद्योगांचा पाया होती.

म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते होरमसजी भाभा. त्यांची मुलगी मेहरबाई यांच्याशी दोराबजींचं लग्न झालं. मेहरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि चांगल्या खेळायच्या. बायकांच्या शिक्षणासाठी त्यांनी काम केलं, बालविवाह बंदीच्या कायद्यासाठीही आवाज उठवला. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे त्यांचे सख्खे भाचे.

चांद्याच्या जंगलात बैलगाडीने

आता आपल्या भागाकडे येऊ. १८८२ मध्ये जमशेटजींच्या वाचनात एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे चांगलं लोखंडाचं खनिज आहे, असं त्यात होतं. तेव्हाचा चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. जवळ वरोऱ्याला कोळसा होता. लोखंड आणि कोळसा एकाच भागात मिळाला की पोलादाचा कारखाना उभा राहू शकतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. पण वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला, तर तो लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही. सरकारचे खाणीचे नियमही तेव्हा जाचक होते. ते १८९९ मध्ये सैल झाले आणि जुना विचार परत वर आला.

१९०२ मध्ये जमशेटजी अमेरिकेला गेले आणि तिथल्या नामांकित इंजिनिअरांना भेटले. चार्ल्स पेज पेरिन यांनी काम पत्करलं आणि त्यांचा माणूस, भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड, भारतात आला. त्याच्यासोबत चांद्याच्या जंगलात फिरायची जबाबदारी दोराबजींवर आली. रस्ते नाहीत, वाघांचा वावर, पाण्याची मारामार. मुंबईच्या बंगल्यात वाढलेला हा माणूस बैलगाडीने लोहाऱ्याच्या डोंगरापर्यंत हिंडला. लोखंड सापडलंही. पण मोठा कारखाना वर्षानुवर्षं चालेल इतकं ते एका जागी नव्हतं, विखुरलेलं होतं. वेल्डने नकार दिला.

हा नकार फार मोलाचा ठरला. खाणीच्या धंद्यात पैसा आधी जातो आणि फार उशिरा परत येतो. चुकीच्या डोंगरावर कारखाना उभा केला असता, तर पहिल्या पाच-सात वर्षांतच सगळं बुडालं असतं.

अजब बंगल्यातला नकाशा

काम थांबवायचं ठरलं आणि ते सांगायला दोराबजी नागपूरला कमिशनरकडे गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. आपण ज्याला अजब बंगला म्हणतो तेच हे. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भाचा एक रंगीत नकाशा लावलेला होता. त्यात दुर्ग भागात लोखंडाच्या खुणा गडद रंगात दाखवलेल्या त्यांना दिसल्या. मग दोराबजी आणि वेल्ड तिकडे गेले. डल्ली-राजहराच्या त्या डोंगरावर चालताना पायाखाली खनिज लोखंडासारखं खणखण वाजत होतं, असं सांगतात. खनिज उत्तम होतं, पण जवळ योग्य कोळसा आणि पुरेसं पाणी नव्हतं. तोही नाद सोडावा लागला. पुढे स्वातंत्र्यानंतर त्याच डोंगरांच्या जोरावर भिलाईचा कारखाना उभा राहिला.

या धडपडीच्या काळातच, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजी जर्मनीत वारले. अर्धवट राहिलेली सगळी कामं दोराबजींच्या अंगावर आली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भतज्ज्ञाने पत्र लिहून कळवलं होतं की मयूरभंज संस्थानात लोखंडाचे मोठे साठे आहेत. हा भाग आज ओडिशात आहे. तिथला गुरुमहिसानी डोंगर पाहिला आणि शोध संपला. लोखंड तिथे, कोळसा झरियाला आणि पाणी सुवर्णरेखा-खरकई नद्यांच्या संगमाजवळ. साकची नावाच्या खेड्यात कारखान्याची जागा ठरली. तेच आजचं जमशेदपूर.

लंडनने हात वर केले, मुंबईत रांग लागली

जागा मिळाली, आता पैसा. दोराबजी आणि त्यांचे सहकारी लंडनच्या सावकारांकडे गेले. तिथे महिनोन् महिने बोलणी झाली, पण पैसा सुटेना. हिंदुस्थानी माणूस पोलाद करील, यावर इंग्रजांचा विश्वासच नव्हता. रेल्वेचे बडे अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट यांनी तर टाटांनी केलेला प्रत्येक रूळ आपण खाऊन दाखवू, अशी थट्टा केली होती. पुढे रूळ तयार झाल्यावर दोराबजी हसून म्हणत की साहेबांनी शब्द पाळला असता तर त्यांना अपचन झालं असतं.

मग ठरलं, पैसा आपल्याच लोकांकडून उभा करायचा. स्वदेशीची चळवळ जोरात होती. ऑगस्ट १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली, दोराबजी पहिले अध्यक्ष झाले आणि शेअर विक्रीला काढले. मुंबईच्या कचेरीसमोर पहाटेपासून रात्रीपर्यंत गर्दी. तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचं सगळं भांडवल जमलं. पैसे देणारे होते सुमारे ८ हजार भारतीय.

भांडवल वेगळं, खेळतं भांडवल वेगळं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं संकट तिच्यातूनच आलं.

शेअरचा पैसा खाणी, भट्ट्या, रूळमार्ग, यंत्रं यांत गेला. तो जमिनीत रुतला. विहीर खोदल्यासारखं. विहिरीत घातलेला पैसा उद्या बियाण्याला काढता येत नाही. कारखाना सुरू झाला की रोजचा खर्च वेगळाच असतो. खाणीतल्या मजुराचा पगार, कोळसा, रेल्वेचं भाडं, दुरुस्ती. खनिज निघाल्यापासून त्याचा रूळ होऊन, तो विकून, गिऱ्हाइकाचा पैसा हातात येईपर्यंत महिने जातात. मधला सगळा काळ स्वतःच्या खिशातून चालवावा लागतो. यासाठी जो पैसा लागतो ते खेळतं भांडवल. आणि वाईट दिवसांसाठी बाजूला ठेवलेली रोकड म्हणजे गंगाजळी.

पोलादाच्या भट्टीची अजून एक अडचण. ती घरच्या चुलीसारखी विझवून परत पेटवता येत नाही. आतला रस गोठला तर भट्टीच वाया जाते. म्हणजे बाजारात मागणी नाही म्हणून आठ दिवस बंद ठेवू, असं म्हणायची सोय नाही. माल विको न विको, खर्च चालूच.

हा हिशोब पहिल्यापासून माहीत होता. म्हणूनच शेअर विकल्यावर खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे वेगळे काढले गेले. ते सगळेच्या सगळे एका माणसाने घेतले, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी. रोखे घेणारं हे मराठी घराणं नसतं, तर कारखाना उभा राहूनही चालवायचा कसा, हा प्रश्न पडला असता.

डिसेंबर १९११ मध्ये पहिली भट्टी पेटली. १६ फेब्रुवारी १९१२ ला पहिलं पोलाद निघालं. त्याआधी १९१० मध्ये दोराबजींना सर किताब मिळाला होता.

तेजीत घेतलेला विस्तार

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून पोलाद येणं बंद पडलं. टाटांचे रूळ मेसोपोटेमिया, म्हणजे आजच्या इराकपर्यंत गेले. सरकारला माल ठरलेल्या दराने द्यावा लागत होता, तरी कंपनीची भरभराट झाली. भागधारकांना लाभांश मिळाले. १९१९ च्या जानेवारीत व्हाइसरॉय स्वतः साकचीला आले आणि गावाला जमशेटजींच्या नावावरून जमशेदपूर हे नाव दिलं.

याच तेजीत मोठा निर्णय झाला. उत्पादन जवळपास पाचपट वाढवायचं. नव्या भट्ट्या, नव्या गिरण्या, नव्या खाणी. निर्णय चुकीचा होता असं म्हणता येत नाही, देशाला पोलाद लागणारच होतं. पण वेळ वाईट निघाली. युद्ध संपल्यावर यंत्रांच्या किमती आणि भाडी भडकली. काम लांबत गेलं. पैसा अर्धवट बांधकामात अडकला आणि उत्पन्न मात्र सुरू होईना.

मग एकामागून एक घाव बसले. १९२० आणि १९२२ मध्ये जमशेदपूरला कामगारांचे संप झाले. युरोपातले कारखाने परत सुरू झाले आणि बेल्जियमचं स्वस्त पोलाद मुंबई-कलकत्त्याच्या बंदरात येऊन पडू लागलं. टाटांच्या कच्च्या लोखंडाचा मोठा गिऱ्हाईक होता जपान. १ सप्टेंबर १९२३ ला तिथे भयंकर भूकंप झाला, टोकियो-योकोहामा बेचिराख झालं आणि ती मागणीही बसली. खाणीतलं लोखंड तितकंच होतं, त्याचा दर्जाही तोच होता. पण विक्रीचा पैसा आटला आणि खर्चाचा ओघ सुरूच राहिला.

तार आली, आणि हिरा निघाला

अशा वेळी पगाराला पैसे नसल्याची ती तार आली. कंपनी टिकते की जाते, अशी वेळ होती. कारखाना सरकारला देऊन टाकावा, असाही विचार कोणीतरी मांडला. दोराबजींचे चुलते-नातेवाईक आणि भागीदार आर. डी. टाटा यांनी तो ठामपणे फेटाळला. हे जे. आर. डी. टाटांचे वडील.

मोठ्या कंपनीला कर्ज मिळणं सोपं, असं आपल्याला वाटतं. पण बँकेचं गणित सगळीकडे सारखंच. ज्याला गरज नाही त्याला बँक बोलावून कर्ज देते, आणि ज्याचं पाणी आटलं त्याच्याकडे तारण मागते. कंपनीकडे मोकळं तारण उरलं नव्हतं. दोराबजींनी स्वतःची मालमत्ता पुढे केली. सुमारे १ कोटी रुपयांची त्यांची खासगी संपत्ती आणि मेहरबाईंचे दागिने इंपीरियल बँकेकडे तारण ठेवले आणि कंपनीसाठी १ कोटीचं कर्ज उचललं. हीच इंपीरियल बँक १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. आज आपण तालुक्याच्या शाखेत सोनं ठेवून पीक काढायला पैसे आणतो, त्याच बँकेची ही जुनी गोष्ट.

त्या दागिन्यांत होता ज्युबिली हिरा. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेन खाणीत १८९५ मध्ये सापडलेला. पैलू पाडल्यावर वजन २४५ कॅरेटच्या वर, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून जास्त. १९०० च्या सुमारास दोराबजींनी तो सुमारे १ लाख पौंडांना मेहरबाईंसाठी विकत घेतला होता. एका खाणीतून निघालेला हिरा दुसऱ्या खाणीवाल्यांचा पगार करायला कामी आला.

यात धोका किती होता ते पाहा. कंपनी कायद्याने वेगळी असते. ती बुडाली तरी अध्यक्षाचं घर-दार जात नाही. दोराबजींनी मात्र ती भिंत आपणहून पाडली. कारखाना बुडाला असता तर नवरा-बायको दोघंही रिकाम्या हाताने उभे राहिले असते.

कर्जाने वेळ निभावली, पण नुसत्या कर्जाने कंपनी वाचली नाही, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. परदेशी पोलादावर जकात वाढली, देशी मालाला अनुदान मिळालं. हळूहळू विस्ताराचं काम पूर्ण होऊन नवं उत्पादन बाजारात आलं. विक्रीचा पैसा परत फिरू लागला, कर्ज फिटलं, हिरा घरी आला.

दुसरी बाजूही पाहू

मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना दुसरी बाजू झाकली तर ती पोथी होते. जमशेदपूरला आठ तासांचा दिवस १९१२ पासून होता, भविष्य निर्वाह निधी १९२० मध्ये आला. तरीही कामगारांच्या तक्रारी होत्या. १९२८ मध्ये नोकरकपातीवरून मोठा संप झाला आणि त्यात सुभाषचंद्र बोस यांना मध्ये पडावं लागलं. आपल्या महाराष्ट्रात तर मुळशीचं धरण टाटांच्या वीज कंपनीचंच. १९२१ पासून मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. शेवटी जमिनी पाण्याखाली गेल्याच. खाण असो की धरण, ज्याची जमीन जाते त्याचा हिशोब कंपनीच्या वहीत पुरता उतरत नाही. खाणपट्ट्यातल्या गावांना हे नव्याने सांगायला नको.

आणि अजून एक दोराबजी होते, मातीतल्या खेळाडूंना ओळखणारे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते पहिले अध्यक्ष. तिथल्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पायांनी लांबचं अंतर पळताना त्यांनी पाहिली आणि ही पोरं ऑलिंपिकला जायला हवीत, असं मनात घेतलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला चार धावपटू आणि दोन पैलवान गेले. त्यासाठी दोराबजींनी स्वतःचे पैसे घातले. फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले.

शेवटचा हिशोब

१९३१ च्या जूनमध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने इंग्लंडच्या बाजूला वेल्समध्ये वारल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी मार्च १९३२ मध्ये विश्वस्त निधी स्थापन केला आणि आपली सगळी मालमत्ता त्याला देऊन टाकली. हिरासुद्धा. रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी मेहरबाईंच्या नावाने वेगळा निधी केला. मग ते बायकोच्या समाधीचं दर्शन घ्यायला निघाले. वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत.

त्यांच्या मागे ज्युबिली हिरा विकला गेला आणि पैसा निधीत जमा झाला. त्याच निधीच्या मदतीने १९३६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था उभी राहिली, १९४५ मध्ये होमी भाभांची मूलभूत संशोधन संस्था. आणि त्या दोन्हींच्या मधे, २८ फेब्रुवारी १९४१ ला, मुंबईत परळला कर्करोगाचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. आपल्या तालुक्यातून पेशंट घेऊन लोक रात्रीच्या गाडीने आजही तिथेच जातात.